रेवसला पाणी नाही

पौर्णिमा आदल्या दिवशी झाली होती. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईच्या बंदरात भरती दुपारी बाराच्या सुमाराला आणि सुकती पहाटे सहा-साडेसहाला, हे आमच्या भागात शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही तोंडपाठ असतं. पूर्वी सुकतीतही अलिबाग तालुक्यातल्या आमच्या रेवसला मुंबईची लाँच लागायची. धक्क्याभोवती गाळ साचत गेला, तसं उधाणाच्या दिवसांतलं वेळापत्रक कुणाच्या हातात राहिलं नाही. तरी मी सहाला धक्क्यावर जाऊन उभा राहिलो, कारण साडेदहाला मुंबईत डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ होती आणि ती मिळायला महिना लागला होता.

तिकिटाच्या खिडकीतून उत्तर आलं, "रेवसला पाणी नाही. नऊ धरून चला."

धक्क्याच्या दोन्ही अंगांना चिखल उघडा पडला होता. त्यावर बगळे चालत होते. लाँच लांब, खोल पाण्यात नांगरून उभी होती. कठड्याला टेकून कोळणी बसल्या होत्या. सात-आठ टोपल्या, त्यांवर ओलं गोणपाट. एका टोपलीखालून बर्फाचं पाणी निघून त्याची बारीक रेघ धक्क्याच्या उतारावरून कडेकडे चालली होती. ज्यांची ती टोपली होती त्या बाई थोड्या थोड्या वेळानं गोणपाट उचलत, आत हात घालून बर्फ किती उरला ते चाचपत आणि पुन्हा झाकत.

मला सोडायला भाची आली होती. ती मुंबईत राहते, बंदरातल्या धक्के-जेट्ट्यांच्या बांधकामाचं काम करते. शनिवार-रविवार गावी काढून ती सोमवारी सकाळी गाडीनं परत निघाली होती.

"मामा, गाडीत बसा," ती म्हणाली. "पेणवरून चिर्ले, तिथं अटल सेतूवर चढलो की वीस मिनिटांत शिवडी. साडेनऊपर्यंत पोचवते."

"समोर बघ. रात्री इथून मुंबईचे दिवे दिसतात. लाँचनं सव्वा-दीड तासात भाऊचा धक्का. आणि तू मला पोयनाड, वडखळ, पेण करत नव्वद किलोमीटर फिरवून नेणार?"

"दिवे दिसले म्हणून माणूस पोचत नाही. लाँच चिखलापलीकडे उभी आहे."

खरं होतं. पण मी हट्टानं कठड्यावर बसलो, आणि तीही बसली. सातपर्यंत थांबू, म्हणाली.

"तुमच्या पिढीला मुंबई बेट आहे असं अजून वाटतं," तिनं सुरुवात केली. "आम्हाला ते नकाशात बघावं लागतं."

"वाटतं कारण ते आहेच. तू लोकलनं ये, नाहीतर गाडीनं. भाईंदरची खाडी, ठाण्याची खाडी, वाशीची खाडी, यातलं एक पाणी ओलांडल्याशिवाय मुंबईत शिरता येतं का? तुम्हाला पुलावर दोन मिनिटं खिडकीतून वारा लागतो, म्हणून तुम्ही ते विसरता. सात बेटं जोडून शहर झालं तेव्हापासून या शहराचा सगळा इतिहास म्हणजे पाणी कसं ओलांडायचं याचाच इतिहास आहे."

"आणि दर वेळी उत्तर पूल हेच निघालं. माहीमचा कॉजवे घ्या."

"घेऊ ना. १८४५ साली तो खुला झाला. पैसे कुणी दिले?"

"जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नीनं. अवाबाई."

"१ लाख ५७ हजार रुपये, त्या काळातले. आणि अट घातली की ओलांडणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. आता तुझ्या सेतूवर एका वेळचे किती?"

"गाडीला २५०."

"आणि मोटरसायकलीला?"

ती थांबली. "मोटरसायकल सोडत नाहीत. रिक्षा नाही, ट्रॅक्टर नाही. ताशी १०० चा रस्ता आहे मामा, समुद्रावरचा वारा आहे. दुचाकीला धोका आहे म्हणून ते बंद केलंय. विनाकारण नाही."

"कारण पटलं. पण आपल्या गावात चारचाकी किती घरांत आहे आणि मोटरसायकल किती घरांत, ते तुला माहीत आहे. २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातले साडेसोळा समुद्रावर. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसून पाहिलं, आनंदानं पाहिलं. पण या बाईंनी टोपली घेऊन त्यावर कसं जायचं?"

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. बोलल्या नाहीत.

"बसनं," भाची म्हणाली. "पुण्याची शिवनेरी सेतूवरून जाते. कोकण भवनाहून बेस्ट जाते. पूल म्हणजे फक्त गाड्या असं नाही. त्यावरून काय सोडायचं ते आपण मागायला हवं. रेवसहून थेट शिवडीला एसटी मागा. मी सही करते."

"मागू. पण ओल्या मासळीची टोपली घेऊन बसमध्ये चढणाऱ्या बाईला कंडक्टर काय म्हणतो, ते तू ऐकलेलं नाहीस. लाँचवर ती टोपली खलाशी स्वतः उचलून घेतो."

हे मी मुद्दाम सांगितलं, कारण लहानपणापासून पाहत आलो आहे. लाँच धक्क्याला घासते, मागची लाट तिला हातभर वर नेते, हातभर खाली आणते. खलाशी एक पाय लाँचच्या काठावर आणि एक पायरीवर ठेवतो, टोपलीच्या कडेत बोटं अडकवतो आणि लाट वर आली की तिच्याच जोरावर टोपली आत ओढतो. ताकद थोडी लागते, वेळ साधावी लागते. पाठोपाठ बाई चढतात. त्यांना हात द्यायचा नसतो, मनगट द्यायचं असतं. हात ओले असतात, सटकतात.

भाचीनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग जे काढलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"आजीची रात्र आठवते?"

आठवते. २०१७ चा पावसाळा. रात्री साडेअकराला माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. अलिबागला नेलं, तिथून मुंबईला न्या म्हणाले. लाँच रात्रीची नसते, आणि पावसाळ्यात तर बोलायलाच नको. रुग्णवाहिकेनं निघालो. वडखळ नाक्यावर ट्रकांची रांग होती, रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं, मधे खड्डे. पनवेल, वाशी करत मुंबई गाठायला साडेचार तास लागले. मी आईचा हात धरून बसलो होतो. तो उजवा हात पुढे कधी उचलला गेला नाही.

"तेव्हा सेतू असता तर तास-सव्वा तास वाचला असता," भाची म्हणाली. "झटका आल्यावर पहिल्या काही तासांत औषध मिळालं तर माणूस वाचतो, हात वाचतो. रात्री अकराला भरती-ओहोटी बघून आजारी पडता येत नाही. समुद्राचं प्रेम मला पण आहे मामा. पण जी वाट रात्री बंद, पावसात बंद, सुकतीला बंद, ती एकमेव वाट म्हणून कुणाच्या नशिबी येऊ नये."

मी म्हणालो, "एकमेव वाट म्हणून नको. हे मान्य."

तिनं लगेच पुढचं विचारलं, "आणि धोका? रामदास तुम्हीच सांगायचात."

माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण आमच्या किनाऱ्यावर ती प्रत्येक घरात आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ वादळात कलंडली. सणाला घरी निघालेली सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसकडून मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतून बुडणारी माणसं आत घेतली, असं आमच्याकडे सांगतात. आमच्या आजीनं त्यानंतर आषाढातल्या अमावस्येला घरातल्या कुणालाही बोटीत पाय ठेवू दिला नाही.

"आणि ती जुनी गोष्ट झाली म्हणावं, तर १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेली नीलकमल," भाची म्हणाली. "नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. त्यानंतर गेटवेवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. आधी का नव्हतं?"

"हा प्रश्न बरोबर आहे. पण त्याचं उत्तर जॅकेट घाला, मोजून माणसं घ्या, इंजिन तपासा, हे आहे. लाँच बंद करा हे नाही. मुंबई-गोवा महामार्गावर आजवर किती संसार उद्ध्वस्त झाले, म्हणून आपण रस्ता बंद करा म्हणालो का? रुंद करा म्हणालो, आणि पंधरा वर्षं म्हणतोच आहोत."

सूर्य वर आला होता. पलीकडे, धरमतर खाडीच्या तोंडाशी, करंजा दिसत होतं. तिनं तिकडे बोट केलं.

"तो पूल झाला की हा वादच उरणार नाही. रेवस-करंजा. पलीकडे उरण. उरणची लोकल सुरू झाली आहेच, सेतूचं उद्घाटन झालं त्याच दिवशी. तुम्ही दहा मिनिटांत खाडी ओलांडून लोकलमध्ये बसाल. गाडी नको, टोल नको."

हे तिचं सगळ्यात चांगलं बोलणं होतं. आमची कॉलेजातली पोरं आजही पाणी असेल तेव्हा तरीनं करंज्याला जातात, तिथून रिक्षानं उरण, उरणहून लोकलनं नेरूळ, आणि गाडी बदलून पुढे मुंबई. गाळात अडकणारी तर सोडली, तर ही वाट गरिबाला परवडणारी आहे.

"या पुलाचं नाव मी अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय," मी म्हणालो. "आता काम सुरू झालंय, ते पुरं होवो. मी विरोधात नाही. भीती निराळी आहे. पूल झाला की इथला गाळ काढायचं कुणाला कारण उरणार नाही. कोकणच्या बोटीचं काय झालं? मुंबईहून रत्नागिरी, मालवण, पणजीपर्यंत बोट जायची. बंदरात पडाव यायचा, त्यात उतरून किनारा गाठायचा. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला. बोट त्याच्या कितीतरी आधी बंद पडली. मधली सगळी वर्षं माणसं घाटातून एसटीत ओकत गेली. रस्ता येणार, रेल्वे येणार, म्हणून आहे ते आधीच मोडायचं, ही आपली जुनी खोड आहे."

"मांडव्याचं तर मोडलं नाही. उलट वाढलं. रो-रो बघा. २०२० ला आली, तासाभरात भाऊचा धक्का, पोटात गाड्या घेऊन. गेटवेच्या लाँच मे अखेर ते ऑगस्ट अखेर बंद असतात, रो-रो पावसाळ्यातही चालते. पाण्यावरची वाहतूक मरत नाही मामा. पैसे असलेल्या प्रवाशाकडे सरकते."

"तू माझंच बोललीस. मांडवा इथून हाकेच्या अंतरावर. तिथं बंदर चांगलं, बोट चांगली, कॅन्टीन चांगलं. पण मासळीची टोपली घेऊन तिथं कुणाला चढताना मी पाहिलेलं नाही. रेवसला आणि उरणच्या मोऱ्याला गाळ, आणि मांडव्याला सोय. दोन्हीकडे समुद्र तोच."

ती बराच वेळ चिखलाकडे बघत राहिली. मग तिच्यातला इंजिनिअर बोलू लागला, आणि माझ्या मते त्या सकाळचं सगळ्यात कामाचं बोलणं तेच झालं.

"कोचीला २०२३ मध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली. विजेवर चालणाऱ्या बोटी, खाडीतली बेटं शहराला जोडलेली. धक्का तरंगता, पाण्याबरोबर वर-खाली होतो, म्हणून बोटीची पातळी आणि धक्क्याची पातळी नेहमी एक. म्हातारं माणूस, चाकाची खुर्ची, सगळं सरळ आत जातं. सगळे म्हणतात, मुंबईत तेच करा. पण कोचीला भरती-ओहोटीत जेमतेम मीटरभर फरक. इथं उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढतं आणि उतरतं. म्हणून इथं तरंगता धक्का करायचा तर त्याला जोडणारा पूल लांब लागतो, नाहीतर सुकतीला तो घसरगुंडीसारखा उभा होतो. आणि खाली पाणी तर हवं. तरंगता धक्का चिखलावर टेकला की संपलं."

"म्हणजे होण्यासारखं नाही?"

"होण्यासारखं आहे. मांडव्याला तरंगता धक्का आहेच. अवघड आहे ते बांधणं नाही, राखणं आहे. खाडीच्या तोंडाशी नद्या गाळ आणतात, भरती तो परत ढकलते. एकदा काढला की काम झालं असं नसतं. दर वर्षी काढावा लागतो, शेतातल्या तणासारखा. एकदाच मोठी निविदा काढून, फोटो काढून भागत नाही. पुलाला फीत कापता येते. गाळ काढण्याला फीत नसते."

"बेलापूरची वॉटर टॅक्सी २०२२ ला फीत कापूनच सुरू झाली होती."

"आणि भाडं माणसाला परवडेना म्हणून रिकामी फिरली. ते पण खरं."

सात वाजले. तिनं घड्याळ दाखवलं. नऊला लाँच सुटली तर सव्वादहा-साडेदहाला भाऊचा धक्का, तिथून पुढे टॅक्सी. डॉक्टरांची वेळ हुकणार होती.

मी उठलो आणि गाडीत बसलो.

हे लपवण्यासारखं नाही. बसायला गाडी होती म्हणून बसलो. त्या बाई तिथंच राहिल्या. गाडीत जागा आहे, चला म्हणावं, असं भाचीनं केलंही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "टोपली कुठं बसवशील, बाय? आणि मासळीचा वास महिनाभर जायचा नाही तुझ्या गाडीतून." भाची म्हणाली, वास चालेल. पण टोपली मागच्या सीटवर मावत नव्हती, डिकीत तिचं सामान होतं, आणि एक टोपली घेतली तर उरलेल्या सातांचं काय, हे बाईंनीच विचारलं.

वडखळला त्या दिवशी फारसं अडलं नाही. चिर्ल्याहून सेतूवर चढलो. मी पहिल्यांदाच त्यावरून जात होतो. डावीकडे घारापुरी एवढी जवळ आणि एवढ्या वरून मी कधी पाहिली नव्हती. लाँचमधून ती डोंगरासारखी दिसते, सेतूवरून पाण्यात बसलेल्या कासवासारखी. पाणी चढायला लागलं होतं. दूरवर एक-दोन होड्या काळ्या ठिपक्यांसारख्या. थांबून बघावं असं वाटलं, पण सेतूवर थांबता येत नाही. भाची बोलत नव्हती, मीही नाही. शिवडीला उतरलो तेव्हा नऊ वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"मान्य?" तिनं विचारलं.

"पूल मान्य. त्या रात्रीसाठी तर दहा वेळा मान्य," मी म्हणालो. "तुला काय मान्य?"

ती सिग्नलला थांबली होती. म्हणाली, "लाँच हौसेची गोष्ट आहे असं मला वाटत होतं. ज्याला दुसरं काही नाही त्याची ती बस आहे, हे आज दिसलं. रेवस-करंजा झाल्यावरही टोपलीसाठी लाँचच लागेल. मी गाळाच्या मोजणीचं टिपण लिहून देते. गावानं ते घेऊन पाठपुरावा करायचा."

तिनं ते टिपण दिलं आहे. दोन पानांचं आहे. धक्क्यापासून खोल पाण्यापर्यंतचा मार्ग दर वर्षी पावसाळा संपला की उपसावा, उधाणाच्या आठ-दहा दिवसांचं वेगळं वेळापत्रक महिनाभर आधी धक्क्यावर लावावं, पायऱ्यांवरचं शेवाळ आठवड्याला घासावं, आणि बर्फासाठी धक्क्यावर एक सावलीची खोली असावी. यातल्या शेवटच्या तीन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. रेवस, मोरा, करंजा या धक्क्यांवरून जे जे मुंबईला जातात, त्यांनी आपापल्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, ठराव करावा, आणि त्याची प्रत तालुक्याला आणि आमदाराला द्यावी. आमच्या गावानं केला आहे.

दुसऱ्या दिवशी मी लाँचनं परत आलो. धक्क्यावर त्या बाई भेटल्या. सोमवारची लाँच नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटली, म्हणाल्या. मुंबईत पोचेपर्यंत बर्फ संपला होता. बोंबील अर्ध्या भावानं द्यावे लागले.